पान्यावर उभं राहू का?

“अण्णा, चाकाचा नट किती आवळू?” आठवड्यातून चार वेळा तरी हा प्रश्न येतो. आळेफाट्याला माझं टायरचं दुकान आहे. टोमॅटोच्या हंगामात पिकअपची रांग लागते, आणि माळशेज उतरून कल्याण गाठायचं असलं की एरवी बेफिकीर असलेला ड्रायव्हरसुद्धा चाकांकडे वाकून बघतो. मी उलट विचारतो, “तुझं वजन किती?” पोरांना वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय.

नट आवळताना पान्यावर उभं राहू का, असं तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. व्हील पाना ४० सेंटीमीटर लांब धरा. त्याच्या टोकावर ७० किलोचा माणूस उभा राहिला की नटावर २८ किलो-मीटरचा पीळ बसतो (रस्त्याचे किलोमीटर नव्हेत; किलोतला जोर गुणिले मीटरमधली लांबी). दुसऱ्या एककात जवळजवळ २७५ न्यूटन-मीटर. त्याच पान्यात पाइप घालून लांबी मीटरभर केली, तर ७० किलो-मीटर. आणि १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडला, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या आट्यांच्या दांड्याला, लागतं किती? साधारण १० ते १२. स्टड १४ मिलिमीटरचा असेल तर आकडा बराच वर जातो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात, देवाच्या फोटोखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच आलेलं नसतं.

जास्त घट्ट म्हणजे जास्त पक्कं, ही समजूत काही केल्या जात नाही. स्टड पोलादाचा असला तरी नट आवळला की तो ताणला जातो, रबरासारखाच, फक्त डोळ्याला दिसत नाही. तो परत आखडायला बघतो आणि त्या ओढीने डिस्क, म्हणजे चाकाचा लोखंडी भाग, मागच्या ड्रमवर दाबून बसते. १० किलो-मीटरला एकेक नट ढोबळ हिशेबाने चार टनांनी दाबतो. माल पेलतं ते या दाबातून होणारं घर्षण. नट ढिला राहिला तर डिस्क हलते आणि भोकं लांबट होतात. फार आवळला तर स्टड ताणाच्या पलीकडे जातो आणि परत आखडतच नाही. वरून नट घट्ट दिसतो, पण आतला जीव गेलेला असतो.

हे मला कोणी शिकवलं नाही. दुकान टाकायच्या आधी मी स्वतः पिकअप चालवायचो. एका रात्री स्टेपनी चढवली, पाइप घातला आणि वर उभं राहून दोन उड्या मारल्या. तिसऱ्या दिवशी घाटात मागच्या डाव्या चाकातून टक्-टक् आवाज यायला लागला. उतरून बघतो तर दोन स्टड मुळातून गेलेले, तिसऱ्याचा नट बोटांनी फिरतोय. मागे क्रेट छपरापर्यंत. उरलेल्या नटांवर गाडी तशीच पुढे काढायची माझी हिंमत झाली नाही. रात्र तिथेच काढली.

त्यातला एक स्टड अजून काउंटरवरच्या डब्यात आहे. कोणी फार वाद घातला की त्याच्या हातात देतो आणि वर एक कोरा नट. टोकाकडून दोन-तीन आटे नट सुळकन फिरतो आणि मधेच अडकतो, कारण तिथे आटे ताणून एकमेकांपासून लांब गेलेत. मग वाद मिटतो. निदान दुकानात तरी.

काम असं करा. डिस्क आणि ड्रम जिथे टेकतात तिथला गंज, माती, रंगाचे पोपडे वायर ब्रशने काढा. नाहीतर ते चार दिवसांत दबतात आणि नट आपोआप ढिला पडतो. नट कोनाचा असेल तर निमुळती बाजू डिस्ककडे. गाडी जॅकवर असताना सगळे नट बसतील इतकेच आवळा, एका ओळीने नाही. सहा असले तर समोरासमोर, पाच असले तर एक सोडून एक. शेवटचा आवळ चाक जमिनीवर टेकवून, टॉर्क रेंचने, म्हणजे पिळाचा आकडा लावता येतो त्या पान्याने. कट् वाजलं की थांबा; पुन्हा एकदा “खात्रीसाठी” नको. एअर गनने, म्हणजे हवेच्या दाबावर नट फिरवणाऱ्या यंत्राने, नट चढवायला माझी हरकत नाही, शेवट मात्र गनने करू नका.

आट्यांना ग्रीस लावू का, असंही विचारतात. कंपनीने सांगितलं नसेल तर नको. आपल्या जोरातला नऊ दशांश भाग घर्षणातच खर्च होतो. तेलाने ते घर्षण कमी झालं, की त्याच आकड्याला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो.

आकड्यासोबत एककही वाचा. टेक्सासमधल्या पुतण्याकडे फोर्डची एफ-१५० आहे. तिच्या नटांना १५० फूट-पाउंड लागतात, म्हणजे सुमारे २०३ न्यूटन-मीटर. त्याने इथून नेलेल्या रेंचवर सरळ १५० न्यूटन-मीटर लावले होते. पाव हिस्सा कमी.

चाक काढून बसवलं की ८०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे. इथून कल्याण साधारण तेवढंच, म्हणून मी सगळ्यांना सांगतो, माल उतरवला की रिकाम्या गाडीला रेंच लावा. जमलं नाही तर परतताना दुकानी थांबा, पैसे घेणार नाही. दहातले दोन थांबतात. बाकीचे हॉर्न देतात, खिडकीतून हात करतात, आणि रिकामे क्रेट खडखडवत नारायणगावच्या दिशेने जातात.