वेव्हरचं लटांबर

आज भाच्यासोबत आर्मीच्या रिक्रूटरकडे जाऊन आले. (हो, अमेरिकन आर्मी. पोरगं जन्मलंच न्यू जर्सीत.) शाळेत असताना डिप्रेशनसाठी काउन्सेलिंग, काही महिने गोळ्या. आता ठणठणीत आहे, पण गेल्या 36 महिन्यांत लक्षणं किंवा उपचार असले की नियमाने अपात्र. मग वेव्हर, म्हणजे नियमातून खास सूट. तो आपण थेट मागायचा नसतो, रिक्रूटरमार्फत जातो, आणि निर्णय ज्या त्या दलाचा. आर्मीनं नाकारलं तरी नेव्ही हो म्हणू शकते.

"मावशी, सांगितलंच नसतं तर?" गाडीत विचारतो कसा! अरे बाबा, 2022पासून भरतीच्या वैद्यकीय तपासणीत जेनेसिस नावाची प्रणाली आहे, जुनी प्रिस्क्रिप्शन्ससुद्धा निघतात त्यात. शिवाय खोटं सांगून भरती होणं लष्करी कायद्यात गुन्हाच.

खुपलं ते वेगळंच. ताईनं तेव्हा चारचौघांची पर्वा न करता त्याला थेरपिस्टकडे नेलं. आपल्यातल्या किती जणी नेतात? हातात बंदूक द्यायची तर सैन्य चौकशी करणारच, ते समजतं. पण उपचार घेतलेला अडकतो आणि कधीच न घेतलेला सरळ आत, हे काही पटत नाही.

उद्या थेरपिस्टच्या ऑफिसातून सगळ्या नोंदी मागवायच्यात. पुण्याहून आजीचं एकच, "एवढं काय अडलंय त्या फौजेवाचून?"