तेरावं प्रकरण पुन्हा लिहिलं : दहा दिवसांची फट

कादंबरी 41 हजार शब्दांवर आहे. महिनाभर आकडा हललेला नाही, पण ज्या गाठीवर अडले होते ती सुटली.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात : काळ ऑन्जियर हा मुंबईचा इंग्रज गव्हर्नर असतानाचा, मुंबई अजून सात बेटांची. 1672 च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगीज कायदा जाऊन इंग्रजी कायदा लागू झाला, जॉर्ज विलकॉक्स न्यायाधीश झाला. माझा तपास करणारा याच कोर्टातला पाठारे प्रभू दुभाषी. खून होतो वरळीला, होळीच्या रात्री.

संशयित म्हणतो, त्या रात्री मी वांद्र्याला पाद्रींकडे जेवायला होतो. पाद्रींचं पत्रही तेच सांगतं : तारीख 1 मार्च. कोर्टाच्या दप्तरात खुनाची तारीखही 1 मार्च. संशयित सुटला.

खरी गंमत इथे आहे. वांद्रे पोर्तुगीजांकडे, म्हणजे ग्रेगोरियन पंचांग. इंग्रज अजून जुन्या ज्युलियनवर, 10 दिवस मागे. शिवाय इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे वांद्र्याच्या कागदावर 1675 असताना मुंबईत 1674 च चालू. पाद्रींचा 1 मार्च म्हणजे इंग्रजांचा 19 फेब्रुवारी. जेवण खुनाच्या 10 दिवस आधीच झालेलं!

पहिल्या खर्ड्यात कोर्ट हे सरळ विसरतं असं लिहिलं होतं. ते मलाच पटेना. इंग्रजांना हा फरक पक्का ठाऊक होता, रोजचा पत्रव्यवहार होता त्यांचा. आता पत्राची भाषांतरित नक्कल कोर्टासमोर येते. नक्कल करणाऱ्याने साल बदलून 1674 केलंय आणि दिवस तसाच ठेवलाय. साल बदललेलं दिसलं की वाचणारा समजतो, तारीख आपल्या हिशेबात आणलेली आहे. ही खोटी नक्कल कुणी करवली, हा प्रश्न आता कथेचा कणा झालाय.

दुभाष्याला ते उमगतं एका साध्या ओळीवरून. पाद्री लिहितात, चंद्र मावळला होता म्हणून पाहुण्यासोबत कंदील दिला. होळीच्या रात्री चंद्र मावळेल कसा? इंग्रज तारखा बघत बसले, हा तिथी बघतो. हे लिहिताना अंगावर काटा आला, खरंच.

भरती-ओहोटीही जुळवली. कोकणातला हिशेब आपल्याला माहीत आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साधारण साडेपाचला. वरळी आणि मुंबई बेटांमधल्या खिंडारातून खुनी तिन्हीसांजेला ओल्या वाळूवरून चालत गेला आणि मध्यरात्रीच्या उधाणात पलीकडे अडकला. पहाटेपर्यंत त्याला परतता येत नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी इतकं हटत नाही, तेव्हा तारीख दुसरी असती तर हा रस्ताच नसता.

आता आधीच्या बारा प्रकरणांत चंद्र कुठे कुठे येतो ते तपासतेय. चौथ्यात अष्टमीला पहाटे चांदणं लख्ख पडलंय. ती वद्य अष्टमी असेल तर चालेल, शुद्ध असेल तर प्रसंगच रात्रीच्या पहिल्या प्रहरात न्यावा लागेल. कोळीवाड्यातल्या शिमग्याचं प्रकरण मात्र हात न लावता ठेवलंय, ते जसं उतरलं तसंच हवं.

पुढची नोंद कोर्टातल्या उलटतपासणीची.