मी दिलेली पोच

होम लोनच्या टेबलावर सतरा वर्षं झाली मला, पुण्यातच, त्यातली शेवटची सहा याच ब्रँचला. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे कर्ज देणं. कर्ज देण्याला पंधरा दिवस लागतात हो, त्यानंतर वीस-तीस वर्षं जे चालतं ते खरं काम. मयत, वारस, भावाभावांची भांडणं, आणि गेल्या सात-आठ वर्षांत सगळ्यात जास्त काय वाढलं असेल तर घटस्फोट. पूर्वी वर्षाला एखादी अशी फाईल यायची, आता महिन्याला एक तरी असतेच.

ही गोष्ट जून २०२४ ची. अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

ती आली, नवऱ्याबरोबर आमच्याकडे होम लोन घेतलेली, आता घटस्फोटित, तेव्हा हातात दोन कागद होते. एक दुसऱ्या बँकेचं नकाराचं पत्र, धायरीला वन बीएचके घेत होती, २८ लाखांचं लोन मागितलं होतं, नाकारलं. दुसरा कागद फॅमिली कोर्टाच्या डिक्रीची, म्हणजे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची झेरॉक्स. ती तिने माझ्यासमोर ठेवली आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "मॅडम, ही सही तुमचीच ना?"

आमच्या ब्रँचचा गोल शिक्का, 'प्राप्त', तारीख २८ मार्च २०२३ आणि खाली माझी सही. नीट सही पण नाही, मार्च एंडला आम्ही जी शेपूट ओढतो ती.

"मी तेव्हाच तुम्हाला कळवलं होतं की लोनशी माझा संबंध नाही. तुम्ही पोच दिलीत. मग माझा सिबिल का खराब केलात?" सिबिल म्हणजे कर्ज वेळेवर फेडलं की नाही याची नोंद.

आता यात बँकेतल्या माणसाला सगळं दिसतं आणि बाहेरच्याला काहीच दिसत नाही, म्हणून सांगते. पोच म्हणजे कागद मिळाला, एवढंच. कागदातलं मान्य आहे असं नाही. डिक्रीत लिहिलं होतं की फ्लॅट आणि त्यावरच्या कर्जाची संपूर्ण जबाबदारी पतीची राहील, पत्नीचा त्याच्याशी काही संबंध राहणार नाही. बरोबर आहे, पण हे त्या दोघांमधलं ठरलं. बँक त्या अर्जात पक्षकार नव्हती, बँकेला कुणी विचारलं नव्हतं. कर्जाच्या करारावर दोघांनी 'संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या' सही केलेली असते, आणि करार कायदा १८७२ चा, त्यातलं कलम ४३ सरळ सांगतं की अशा वेळी पूर्ण पैसे दोघांपैकी कुणाकडूनही मागता येतात. अर्धे अर्धे असं काही नसतं. मी हे रोज सांगते आणि रोज समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो की जणू मी आत्ताच हा नियम बनवला.

पण ही केस तेवढ्यावर संपली नाही. मी खातं उघडलं आणि चक्रावले, कारण हप्ते येत होते. दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता. तरी खात्यात २८ हजार आणि काही शे रुपये थकीत.

मग मागे मागे जात गेले. कर्ज फेब्रुवारी २०२१ चं, तेव्हा सरकारने स्टॅम्प ड्युटीत सवलत दिली होती आणि व्याजदर तळाला होते त्यामुळे सगळं पुणं रजिस्ट्रेशनला धावत होतं, त्यातलेच हे दोघं. ४८ लाख, ६.७५ टक्के, वीस वर्षं, हप्ता साधारण ३६,५००. दोघांचं नाव कारण पात्रता वाढते, दोघांना टॅक्समध्ये वजावट मिळते, एजंट पण तेच सांगतो. हप्ता तिच्या सॅलरी अकाउंटमधून जायचा.

त्याच वर्षी गणपतीनंतर ती बाहेर पडली. सप्टेंबर २०२२ ला संमतीचा अर्ज टाकला, सहा महिन्यांनी मार्चमध्ये डिक्री. संमतीच्या अटी वकिलांनी सप्टेंबरमध्येच लिहिल्या, आणि त्यात लिहिलं, पती दरमहा रु. ३६,५००/- कर्जखात्यात भरेल.

आकडा! फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे व्याजदर वरखाली होणाऱ्या कर्जात हप्त्याचा आकडा! 'बँक वेळोवेळी ठरवेल तो हप्ता' एवढे पाच शब्द लिहायला काय जात होतं? तारखांवर तारखा घेऊन फी घेतात हे लोक आणि ड्राफ्ट म्हणजे मागच्या केसची नावं बदलून कॉपी-पेस्ट. असो.

इकडे रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. यांचा दर झाला ९.२५. आम्ही तेव्हा काय करायचो, हप्ता तोच ठेवायचो आणि मुदत ताणत जायचो, गिऱ्हाइकाला कळायचंही नाही. पण मुदत ताणून ताणून तीस वर्षांच्या मर्यादेला टेकली की मग हप्ता वाढवावाच लागतो. एप्रिल २०२३ पासून यांचा हप्ता झाला ३८,५००.

आणि त्याच मार्चअखेरीस तिने आपल्या खात्यातला मँडेट, म्हणजे बँकेला हप्ता आपोआप ओढायची दिलेली परवानगी, बंद करायचा अर्ज दिला. त्याने नवीन मँडेट द्यायला हवा होता, म्हणजे आम्हीच वाढीव हप्ता ओढला असता. त्याऐवजी त्याने त्याच्या बँकेत दर महिन्याला आपोआप ३६,५०० जाण्याची सोय केली, डिक्रीत तेवढेच लिहिलेत म्हणून, आणि आमच्या काउंटरने ते चालवून घेतलं. दर महिन्याला २,००० कमी. पुढच्या महिन्याचे पैसे आले की आधी मागचे २,००० फिटणार, मग चालू हप्त्यात ४,००० कमी पडणार. असं चौदा महिने. पूर्ण एक हप्ता कधीच थकला नाही म्हणून वसुलीवाल्यांच्या फोनच्या यादीत हे खातं कधी आलंच नाही. खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरायला नव्वद दिवस लागतात, हे तीस दिवसांच्या आतच घुटमळत होतं. पण तेव्हा सिबिलला महिनाअखेरीस किती दिवसांची थकबाकी आहे ते जायचं. तिने रिपोर्ट काढून आणला होता, त्यातले महिन्यामहिन्याचे चौकोन मी बोटाने मोजले. २५, २६, २५, २६, २६... फेब्रुवारीत २४. चौदा चौकोन. एकही शून्य नाही.

मी त्याला फोन केला, नवा नंबर तिच्याकडूनच घेऊन. आमच्याकडे नोंदवलेला नंबर त्याच्या जुन्या कंपनीच्या सिमचा, ते सिम नोकरीबरोबर गेलं. सगळे एसएमएस तिकडे. पत्रं गेली फ्लॅटच्या पत्त्यावर, तिथे भाडेकरू. दुपारी तो येताना वाटेत फ्लॅटवर थांबून सगळी पाकिटं घेऊन आला, दुधाच्या पिशवीचं रबर लावलेली, वरच्या पाकिटावर चपलेचा ठसा, म्हणजे ती शू रॅकवरच पडून होती. एकही फोडलेलं नाही. त्यातलं दुसरं की तिसरं पाकीट मीच पाठवलेलं. तीनशेच्या वर खात्यांची यादी होती त्या आठवड्यात, हप्ता वाढल्याची पत्रं, मी शेवटच्या पानावर सही करून दिली. तीच ती शेपूट.

तो खुर्चीत बसायच्या आधीच बोलला, "मॅडम, एक हप्ता चुकवलेला नाही मी, हे बघा स्टेटमेंट." आणि खरंच नव्हता चुकवलेला. माझ्याकडे येणारे नवरे बहुतेक वेळा मुद्दाम हप्ते थांबवतात, तिला त्रास व्हावा म्हणून स्वतःचंही नाव बुडवतात, असे मी डझनभर बघितलेत. हा तसला नव्हता. समजल्यावर त्याने दहा मिनिटांत मोबाईलवरून सगळी थकबाकी भरली, हात थरथरत होता त्याचा. दोघं एकमेकांशी थेट बोलत नव्हते, सगळं माझ्यातर्फे. "त्यांना सांगा." "त्यांना विचारा." फक्त एकदा त्याच्या तोंडून गेलं, "अगं, मला एक फोन करायचास ना," आणि मग दोघंही पंख्याकडे बघत बसले.

पैसे भरले पण चौकोन तसेच राहतात, छत्तीस महिन्यांचा इतिहास दिसतो. मी वरच्या ऑफिसला मेल लिहिली, आपल्या पत्रव्यवहाराची चूक आहे, यांची नोंद दुरुस्त करता येईल का. उत्तर दोन ओळींचं. पाठवलेली माहिती बरोबर आहे, दुरुस्ती फक्त चुकीच्या माहितीची होते. उत्तर बरोबरच आहे, तरी तोंडात शिवी आली.

आणि चौकोन पुसले तरी दुसरी भानगड उरतेच. जोवर ती सहकर्जदार आहे तोवर ३८,५०० चा अख्खा हप्ता तिच्या नावावर मोजला जातो, मग नवीन लोनला पगारात जागा कुठून उरणार. नाव काढायचं तर त्याची एकट्याची पात्रता नव्याने बघायची. बघितली. हातात ९२ हजार, वर गाडीचा हप्ता साडेचौदा. आठ लाख कमी पडतात. म्हणजे आठ लाख एकरकमी भरा, नाहीतर दुसरा कमावता सहकर्जदार आणा, नाहीतर फ्लॅट विका.

शिवाय फ्लॅटमधला तिचा अर्धा हिस्सा त्याच्या नावावर व्हायचाय. घटस्फोटाच्या आधी बँकेची एनओसी घेऊन बक्षीसपत्र केलं असतं तर नवरा-बायकोत राहत्या घराला मुद्रांक २०० रुपये, नोंदणी आणि सेस वगैरे वेगळं. आता ती पत्नी नाही, त्यामुळे अर्ध्या हिश्श्याच्या बाजारभावावर पूर्ण ड्युटी. ३१ लाखांवर सात टक्के करा. दोन लाख सतरा हजार. तो आकडा मी कागदावर लिहिला तेव्हा ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "पोटगी नको म्हटलं, फ्लॅट नको म्हटलं, दोन वर्षं हप्ते मी भरले. आणि आता सुटायला परत पैसे?" दोन लाख तसे त्याने भरायचे, पण मी दुरुस्त केलं नाही.

मग त्याने जे विचारलं ते तिच्यासमोरच विचारलं, हे मला आजही झेपत नाही. वाईट हेतू नव्हता, उपाय शोधत होता बिचारा. "मॅडम, दिवाळीनंतर लग्न आहे माझं. ती आयटीत आहे. तिला घेता येईल का को-बॉरोअर?"

नियमाने येतं. मी सांगितलं, येतं. लग्नाचा दाखला, सॅलरी स्लिपा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट. ती शेजारच्या खुर्चीवर पर्स आवरत होती, म्हणाली, "तिला आधी कागद वाचायला द्या," आणि उठली. त्याला म्हणाली की मला, कळलं नाही.

त्या दिवसापासून डिक्रीची पोच देताना मी शिक्क्याखाली हाताने लिहिते, 'फक्त माहितीसाठी प्राप्त, दोघांची जबाबदारी कायम.' आमच्या साहेबांना ते आवडत नाही. म्हणतात, असं लिहिलं की गिऱ्हाईक वाद घालत बसतं, शिक्का मारून मोकळं व्हायचं. वाद घालतात हे खरंय, गेल्या आठवड्यात एका बाईने अर्धा तास घेतला आणि मागे लाईन लागली.

धायरीचा फ्लॅट गेला, बिल्डरने टोकन परत दिलं एवढं बरं. ती दर महिन्याच्या सहा तारखेला फोन करते, "आला का पूर्ण?" सहकर्जदार आहे, विचारायचा हक्कच आहे तिचा. मी बघून सांगते.

डिसेंबरात त्याचं लग्न झालं. ईमेल करा म्हणून सांगितलं होतं तरी व्हॉट्सॅपवरच पाठवल्यात त्याने नव्या बायकोच्या तीन सॅलरी स्लिपा, खाली हात जोडलेले. चार दिवस झाले, मी अजून उघडल्या नाहीत.