तुम्ही विचारलंत म्हणून: बोट पाण्यात टाकायला एवढे महिने का लागले?

रत्नागिरीची मावशी, ऑफिसातली मंडळी, शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. बोट तर घेतली होतीत ना, मग पाण्यात टाकायला एवढे महिने काय करत होतात, रंग मारायचा आणि सोडायची! आणि त्याला जोडून लगेच दुसरा, की तिच्यावर राहता म्हणजे नक्की राहता कसे. दुसऱ्याचं बरंचसं उत्तर पहिल्यातच आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बोट कोणती ते सांगते. वेस्टर्ली सेंटॉर, २६ फुटी शिडाची बोट, फायबरग्लासची, इंग्लंडमधेच बनलेली. १९६९ ते १९८० या काळात अशा दोन हजारांच्या वर बोटी बनल्या त्यामुळे आजही इथल्या खाड्यांमधे त्या भरपूर दिसतात. हिला खाली एकाऐवजी दोन कील, म्हणजे तळाला खाली निघालेले जड पंखे, आहेत, दोन्ही बाजूंना एकेक, त्यामुळे ओहोटीला पाणी उतरलं की ती कलंडत नाही, चिखलात दोन पायांवर सरळ उभी राहते. आणि पाण्याखाली असते फक्त तीन फूट. आम्ही राहतो इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्समधे ब्लॅकवॉटर नदीच्या मुखाशी, जिथे दिवसातून दोनदा सगळं पाणी जाऊन नुसता चिखल उरतो, तिथे यापेक्षा सोयीची बोट मला तरी माहीत नाही.

इकडचं चक्र आपल्या उलट आहे. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा समुद्रात जातात, इकडे हिवाळ्यात बोटी यार्डात उभ्या राहतात आणि मार्च-एप्रिलमधे पाण्यात उतरतात. म्हणजे दुरुस्तीचं सगळं काम नेमकं थंडीत, ओलाव्यात आणि चार वाजता मावळणाऱ्या उजेडात करायचं.

आता माझं मत, आणि यावर मी हटणार नाही: जुन्या बोटीचं काम खालून वर करायचं. आधी पाण्याखालची भोकं, मग हल म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच आणि सुकाणू, मग डोलकाठीच्या तारा, मग इंजिन आणि गॅस, आणि गाद्या-पडदे-लाकडाचं पॉलिश सगळ्यात शेवटी. लोक बरोबर उलटं करतात कारण गाद्या दिसतात आणि भोकं दिसत नाहीत. बोटीला पाण्याखाली मुद्दाम ठेवलेली भोकं असतात हेच मुळात अनेकांना माहीत नसतं. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणारं एक, टॉयलेटची दोन, सिंकचं एक, कॉकपिटमधलं पाणी बाहेर जाण्याची वेगळी. प्रत्येकावर एक झडप असते, तिला सीकॉक म्हणतात. ती झडप किंवा तिच्यावरचा पाइप गेला तर समुद्र थेट केबिनमधे. दीड इंची भोक, पाण्याखाली दोन फुटांवर, मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं, आणि लहान बोटीतला हातपंप मारून मारून किती मारणार.

आमच्या टॉयलेटच्या सीकॉकचं हँडल अगदी लोण्यासारखं फिरत होतं, बाहेरून हिरवट, बाकी ठीकठाक. मी चाकूच्या टोकाने पाइप बसतो त्या टोकाला खरवडलं तर खालून पिवळा पितळी रंग यायच्या ऐवजी गुलाबी आला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे उरतं ते सच्छिद्र, ठिसूळ तांबं, दिसायला तसंच पण आत जीव नाही. हातोडीने एकच टोला दिला आणि ते टोक तुटून माझ्या हातात आलं. हे पाण्यात असताना झालं असतं तर, असा विचार त्या रात्री खूप वेळ चालला होता. मग सगळेच सीकॉक काढले आणि ब्राँझचे बसवले, प्रत्येक पाइपला दोन-दोन स्टीलचे क्लिप, आणि प्रत्येक सीकॉकशेजारी दोरीने बांधलेला मऊ लाकडाचा निमुळता खुंटा. झडप तुटली तर तो खुंटा ठोकायचा. स्वस्तातली स्वस्त वस्तू आहे आणि बोटीवरच्या सगळ्या वस्तूंमधे मला तीच सगळ्यात जवळची वाटते.

मग हल. जुन्या रंगाचे थरावर थर होते, ते कोरडे घासायचे नाहीत, हे अगदी कळकळीने सांगते. तळाचा अँटीफाउलिंग रंग विषारीच असतो, शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून त्यात तांबं घालतात, आणि जुन्या बोटीवर खालच्या थरांमधे याहून वाईट काही असू शकतं. पूर्वी त्यात ट्रायब्युटिलटिन म्हणजे टीबीटी असायचं. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातली कालवं त्याने बिघडली, शिंपले विचित्र जाड व्हायला लागले, पिल्लं जगेनात, तेव्हा फ्रान्सने १९८२ मधे लहान बोटींवर त्याला बंदी घातली आणि ब्रिटनने १९८७ मधे. आमच्या खाडीच्या तोंडाशीच मर्सी बेट आहे, तिथली कालवं प्रसिद्ध आहेत, लोकांची पोटं त्यावर चालतात. त्यामुळे खाली ताडपत्री अंथरायची, मास्क लावायचा, ओलं करून खरवडायचं आणि निघालेला गाळ पोत्यात भरून यार्डात सांगतील तिथेच टाकायचा. वेळ लागतो, लागू दे.

रंग निघाल्यावर फोड दिसले. फायबरग्लासचा हा जुना आजार आहे, ऑस्मॉसिस. बाहेरच्या गुळगुळीत थरातून, जेलकोटमधून, पाणी वर्षानुवर्षं किंचित किंचित आत झिरपतं, आतली काही रसायनं त्यात विरघळतात, तो द्राव आणखी पाणी ओढून घेतो, दाब वाढतो आणि फोड येतो. फोड फोडताना डोळ्यांना चष्मा लागतोच कारण द्राव जोरात उडतो, आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. थोडे फोड म्हणजे बोट गेली असं अजिबात नाही. प्रत्येक फोड ग्राइंडरने उघडा करायचा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा, आणि मग सुकू द्यायचा. इथे महिने जातात हो. ओलं असताना इपॉक्सी, म्हणजे भरायचं दोन भागांचं रेझिन, भरलं तर सगळं फुकट, आणि सुकलं तरी इंग्लंडच्या जानेवारीत इपॉक्सी धड घट्ट होत नाही, दहा डिग्रीच्या खाली त्याला कामच करायचं नसतं. म्हणून मार्चची वाट बघत बसायचं आणि तोवर आतली कामं करायची. बोटीला एवढे महिने का लागले याचं निम्मं उत्तर हे इथे आहे.

मावशीच्या समाधानासाठी एक गोष्ट. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मधे कुठेही न थांबता एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते जगातले पहिले. त्यांची सुहेली ही ३२ फुटी बोट आपल्या मुंबईत, कुलाब्याला बांधलेली, सागवानाची. निघाल्यावर थोड्याच आठवड्यांत तिच्या तळाच्या सांध्यांतून पाणी यायला लागलं, तर हा माणूस अटलांटिकच्या मधोमध स्वतः पाण्यात उतरला आणि सांध्यांत कापूस ठासून वरून तांब्याची पट्टी ठोकून आला. त्यांच्या हिमतीला सलामच. पण मला वाचताना प्रत्येक वेळी हेच वाटतं की जे काम तिथे श्वास रोखून करावं लागलं ते यार्डात, कोरड्या जमिनीवर, चहा पीत करता येतंय तर करून घ्यावं.

तारांचं थोडक्यात. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा बाहेरून चकाकतात पण टोकाला, जिथे त्या फिटिंगमधे शिरतात तिथे, एखादा बारीक धागा तुटलेला असतो. आमच्या कधी बदलल्या होत्या याचा कागदच नव्हता, आणि इथे इन्शुरन्सवाले साधारण दहा वर्षांच्या वरच्या तारांबद्दल विचारतातच, म्हणून सगळ्या नव्या घेतल्या. बोटीच्या किमतीचा चांगला मोठा हिस्सा त्यात गेला. सुकाणू, इंजिनचं इंपेलर, बेल्ट, फिल्टर, शाफ्टची (पंखा फिरवणाऱ्या दांड्याची) पॅकिंग हे सगळं नेहमीचं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

गॅसबद्दल मात्र सांगते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दार-खिडकीतून जाईल तरी, बोटीत तो खाली तळाशी साचतो आणि बाहेर जायला वाटच नसते, आणि तिथेच जवळ बॅटऱ्या आणि मोटरच्या ठिणग्या. म्हणून सिलिंडर बाहेरच्या बंद कप्प्यात, कप्प्याच्या तळाला बाहेर काढणारी नळी, नवीन होज, नवीन रेग्युलेटर, आत गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. हे झाल्याशिवाय मी आत चहासुद्धा केला नव्हता, बाहेर स्पिरिटच्या शेगडीवर करायचे.

एप्रिलमधे उधाणाची भरती धरून उतरवायचं ठरलं, कारण आमच्या यार्डाच्या खाडीत भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान, भरतीला क्रेनच्या खाली पुरेसं पाणीच येत नाही. नारळ वाढवला, पट्ट्यांत उचललेली बोट पाण्यात टेकली, आणि पट्ट्या सोडायच्या आधी मी टॉर्च घेऊन आत, एकेक सीकॉक, हाताने चाचपत. कोरडं. नव्याने बांधलेला शाफ्ट तेवढा थेंब थेंब ठिबकत होता, तो ठिबकायलाच हवा. क्रेनवाल्या काकांना वर येऊन अंगठा दाखवला तेव्हा हात थरथरत होते माझे.

तर राहतो कसे. भरती-ओहोटीप्रमाणे राहतो. ओहोटीला बोट चिखलावर बसली की टॉयलेटला पाणी ओढता येत नाही, इंजिन चालवता येत नाही, म्हणजे अंघोळ, टॉयलेट सगळं किनाऱ्यावरच्या ब्लॉकमधे, आणि कुठे जायचं यायचं ते पाण्याच्या वेळेवर. ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आजोबा गणपतीपुळ्याला तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. मी गंमत म्हणून इथे करून बघितलं तर तासा-दीड तासाच्या फरकाने तो हिशेब इथेही बसतो! अर्थात नेव्हिगेशनला छापील टाइडटेबलच वापरते, पण सकाळी डोळे उघडल्यावर मनात आधी तिथीच येते.

स्वयंपाक दोन बर्नरवर. कुकर हे बोटीवरचं सगळ्यात हुशार भांडं आहे, झाकण घट्ट असल्यामुळे बोट हलली तरी काही सांडत नाही, पाणी कमी लागतं, गॅस कमी लागतो. डाळ-भात, उसळी, खिचडी आरामात. पोळ्या रोज नाही करत, कारण तव्याचा धूर आणि वाफ दोन्ही लहान केबिनला सोसत नाहीत. शिट्टी व्हायच्या वेळेला केबिनच्या छताचं झाकण उघडायचं, कितीही थंडी असली तरी, कारण बोटीवर थंडीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे आतला ओलावा. श्वास, वाफ, ओले कपडे, सगळं जाऊन गार हलवर पाणी होऊन बसतं आणि गादीच्या खाली बुरशी धरते. गाद्यांखाली आम्ही हवा खेळती राहील अशी जाळीची चटई घातली आणि छताचं जुनं अस्तर काढून टाकलं. त्या काळच्या बऱ्याच बोटींत व्हिनाइलच्या मागे फोम असतो, त्याचा आता भुगा होतो, पिवळा चिकट भुगा, केसांत, डाळीत, पांघरुणात. मी मास्क लावून सगळा खरवडला, खाली इन्सुलेशन घातलं आणि मग पातळ प्लायच्या पट्ट्या लावल्या. खालून वर काम करायचं म्हटलं ना, त्यातलं हे शेवटचं, आणि हे झाल्यावर ती पहिल्यांदा घर वाटली.

विजेचं एवढंच की हिवाळ्यात इथलं ऊन सोलरला पुरत नाही, किनाऱ्याची वीज लागते. आणि बऱ्याच मरीना, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या जागा, कायम राहायला परवानगी देत नाहीत, ते बोट घ्यायच्या आधी लेखी विचारून घ्या, मागाहून नाही.

आता ज्यांनी विचारलं की आम्हालाही घ्यायची आहे, त्यांना. बघायला जाल तेव्हा टॉर्च, लहान आरसा आणि एक हातोडी घेऊन जा, गाद्यांचं कौतुक करत बसू नका, त्या बाजूला करून त्यांच्या खालच्या फळ्या उघडा. पहिला प्रश्न विचारा की सीकॉक कधी बदलले आणि कोणत्या धातूचे बसवले, आणि पावती दाखवायला सांगा.