पद्मिनीचं जादा इंजिन द्यायचंय

पुढच्या महिन्यात आम्ही गंगापूर रोडचं घर सोडून पुण्याला फ्लॅटवर चाललोय, गाडी सोबत येतेय पण शेडमधलं जादा इंजिन काही नेता येणार नाही, तिसऱ्या मजल्यावर ते ठेवणार कुठे. प्रीमिअर पद्मिनीचं आहे, १०८९ सीसी, चार सिलेंडर, पेट्रोल. बाबांनी घेऊन ठेवलेलं, गाडीचं इंजिन कधी बसलंच तर असावं म्हणून. दर पावसाळ्याआधी ते प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचे आणि हाताने क्रँक फिरवायचे, म्हणजे रिंगा जाम होत नाहीत. बाबा गेल्यापासून हे मी करतोय, कालच फिरवलं, मस्त फिरतंय.

कार्बोरेटर नाहीये, हेड गॅस्केट नवीन टाकावं लागेल, आधीच सांगतो. एक भंगारवाला वजनावर मागत होता, नाही दिलं, जीवच झाला नाही. ज्याच्याकडे पद्मिनी आहे आणि जो ती चालवतो त्यालाच द्यायचंय, पैशाचं बसून बोलू. आणि हो, बसवलंत तर आरसीवर नवीन इंजिन नंबरची आरटीओत नोंद नक्की करून घ्या, बिल देतो मी. उचलायला चेन पुली आणि तीन-चार माणसं लागतील, टेम्पो तुम्ही आणा, चहा आमच्याकडे.