तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकची की नंदीची?

पुण्याचा भाचा दुकानात उभा राहून फोन करतो, "मामा, नाशिकची शिराज वाइन आणि कर्नाटकातल्या नंदी हिल्सची कॅबर्ने-शिराज, दोन्ही हजाराच्या आसपास. कुठली घेऊ?" लग्नात, बेदाण्याच्या सौद्यात, सगळीकडे मला हेच विचारतात, कारण तासगाव तालुक्यात आम्ही काही वर्षं वाइनची द्राक्षं पिकवली. दरवेळी मी सांगत आलो, नंदीची घे.

कारण म्हणून उंची सांगायचो. नंदीकडचे मळे 900 मीटरच्या आसपास, नाशिकचे 600 च्या. उंचावर रात्री गार, म्हणून द्राक्षात आंबटपणा टिकतो. नाशिकला जानेवारीत थंडी असते, पण मार्चपर्यंत लांबलेल्या मालाला ऊन लागतं. साखर चढते, आंबट उतरतं, वाइन जिभेला गरम लागते. यात खोटं काही नाही. पण माझ्या उत्तराचं मूळ तिथं नव्हतं.

ते 2009 च्या मार्चमध्ये होतं. राज्याच्या 2001 च्या धोरणानंतर नाशिककडच्या विंचूरला आणि आमच्या पलूसला वाइन पार्क आले. त्या भरात आबांनी सव्वा एकर सोनाका, म्हणजे खायची-बेदाण्याची द्राक्षं, काढून शिराज ही वाइनची जात लावली. त्या वर्षी घड लहान, गच्च, काळेभोर. रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 23 ब्रिक्स. फळ गार राहावं म्हणून पहाटे तीनला बॅटऱ्या लावून तोडणी सुरू केली. सातपर्यंत तीन टन क्रेटमध्ये. साडेसातला नाशिककडच्या वायनरीतून फोन आला, टाक्या भरल्यात, माल थांबवा. मी म्हणालो, साहेब, माल तोडलाय. ते म्हणाले, तोडायच्या आधी विचारायचं. आदल्या संध्याकाळी तारीख त्यांनीच दिली होती.

बिनबियांची थॉम्पसन असती तर शेडवर टाकून बेदाणा केला असता. शिराजला बिया, साल जाड. खायला कुणी घेत नाही. दुपारपर्यंत क्रेटच्या तळातून रस गळायला लागला, माश्या घोंगावू लागल्या. दुसऱ्या दिवशी आबा एकेक क्रेट उकिरड्यावर उलटे करत होते. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "तू घरात जा." मी गेलो. जायला नको होतं.

तो आंबूस वास मला अजून कुठल्याही शिराजमध्ये सगळ्यात आधी येतो. नंदीच्या बाटलीत कॅबर्ने ही दुसरी जातही असते, म्हणून तिथं कमी. इतकी वर्षं मी त्याला चव म्हणत होतो.

शिवाय ज्या तुलनेचा हवाला द्यायचो, ती मिरजेत एप्रिलमध्ये झालेली. नंदीची फ्रिजमधली, नाशिकची दुपारभर गाडीत तापलेली. हे मला तेव्हाही माहीत होतं.

गेल्या दिवाळीत दोन्ही बाटल्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून सारख्या पेल्यांत ओतल्या. मटणाच्या तांबड्या रश्श्यापुढे नाशिकची टिकली, मिऱ्याचा झणका, जांभळासारखी गोडी. नंदीची तिखटानं नुसती तुरट झाली. जेवण उरकल्यावर भाजक्या शेंगांबरोबर तीच इतकी खुलली की नाशिकचीला परत हात लावावासा वाटेना. आता यावरून काय सांगू?

आणि सारख्या किमतीचंही बघा. महाराष्ट्रात तयार झालेल्या वाइनला 2001 च्या धोरणापासून करात सवलती मिळत आल्या, परराज्यातल्या बाटलीला इथं तो आधार नाही. त्याच हजारात नंदीवाल्याच्या द्राक्षाच्या वाट्याला कमीच येत असणार. तरी ती बरोबरीला उभी राहते. हा मुद्दा मी रागातून काढत नाही, असं मला वाटतं. खात्री देता येत नाही.

बागेत आता डॉगरिजच्या, म्हणजे मुळांसाठी लावतात त्या जातीच्या, त्याच खुंटांवर सोनाकाची कलमं आहेत. परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. जेवायला काय आहे, विचारलं. मटण म्हणाला. "मग नाशिकची घे," मी म्हणालो.

आबा सोप्यात बसले होते. "कुणाला सांगत हुतास, नाशिकची घे म्हणून?" मी फोन खिशात घातला आणि बागेकडं गेलो.