आमची वाटचाल : पॅटर्न भिजले तेव्हा

'स्पायडर मिळत नाही, मशीन भंगारात घाला,' असं दुसरीकडे ऐकून आलेली माणसं मी १९९४ पासून बघतोय. स्पायडर म्हणजे वॉशिंग मशीनचा ड्रम मागून धरून शाफ्टला जोडणारा भाग. मिळत नाही हे खरंच असतं. कंपनीनं मॉडेल बंद केलं की चार-पाच वर्षं माल सापडतो, पुढं कोणी विचारत नाही. पण आमचं दुकान कोल्हापुरात आहे. ऑइल इंजिनाचे भाग ओतून मोठ्या झालेल्या उद्यमनगरात ॲल्युमिनियमचा तीन हातांचा स्पायडर ओतता येत नाही, हे मला कधी पटलंच नाही.

दुकान मूळ वडिलांचं, शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ. शेतीपंपाच्या मोटरी रिवाइंड करायचे. मी आयटीआयमधून टर्नर होऊन आलो आणि फ्रंट लोड मशीन हातात घेतली. बेअरिंगची अडचण कधीच नव्हती. ६२०४, ६२०५, ६२०६ नंबर कुठल्याही दुकानात मिळतात, मशीन तीस वर्षांची असो नाहीतर कालची. बेअरिंगकडं पाणी जाऊ न देणाऱ्या ऑइल सीलनं शाफ्टवर चर पाडला तर गनमेटलची बुश चढवायची. बेल्टवरचा नंबर पुसला असेल तर पट्ट्या मोजायच्या, दोरीनं लांबी घ्यायची. अडायचं ते स्पायडरपाशी.

२००३ मध्ये राजारामपुरीच्या काकूंची मशीन आली. काका निवृत्त झाल्यावर घेतलेली. ड्रम बाहेरच्या टबाला घासत होता. टब उघडला तर स्पायडरचा एक हात मुळाशी तुटलेला. साबणातला सोडा ॲल्युमिनियमला खातो, शेजारी स्टीलचा ड्रम आणि कायमची ओल असली की आणखी लवकर. तुटलेल्या टोकावर नख मारलं तर पांढरी भुकटी पडली. काकू शिक्षिका होत्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "खडूच झालाय की हा. तू कर काय करायचं ते, मी थांबतो."

ते तुकडे पिशवीत घालून मी उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचा लाकडी नमुना, करणाऱ्या मामांकडे गेलो. नात्यानं कोणी नव्हेत, पण धंद्यात मला उभं केलं ते त्यांनीच. मामांकडे पितळी पट्टी होती, तिच्यावरचा मिलिमीटर आपल्या मिलिमीटरपेक्षा किंचित मोठा. ॲल्युमिनियम गार होताना मीटरला साधारण १३ मिलिमीटर आखडतं, ते आधीच धरून आखलेली पट्टी. तुकडे जुळवून मामांनी सागवानात पॅटर्न केला. वाळूतून अलगद निघावा म्हणून कडांना टेपर, मशीनिंगच्या जागी जादा माल. धातू आम्ही एलएम ६ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू घेतला, सिलिकॉन जास्त असल्यानं तो सोड्यापाण्यात बरा टिकतो. मधलं भोक मी लेथवर काढलं, ईएन ८ पोलादाचा शाफ्ट प्रेसनं बसवला, आडवी पिन मारली. काकूंची मशीन सुरू झाली.

पुढची वर्षं चांगली गेली. माळ्याखाली अकरा मॉडेलांचे पॅटर्न जमले.

२०१७ मध्ये आमच्याच रस्त्यावर एक्स्चेंजचं दुकान आलं. धंदा कोणीही करावा. पण माझं गिऱ्हाईक दारात अडवून 'तिथं लोकल ओतीव माल घालतात, ड्रम फुटेल' हे सांगणं मला आजही सहन होत नाही. माझा एकही स्पायडर तुटून परत आलेला नाही. ज्यांनी हजार-दीड हजारात जुनी मशीन देऊन नवी घेतली, त्यातल्या कित्येकांना सीलबंद टब मिळाला. त्याचं बेअरिंग गेलं की करवतीनं टब कापण्यावाचून गत्यंतर नसतं. नवी मशीन घेताना टब बोल्टनं जोडलाय की चिकटवलाय एवढं तरी विचारा.

मग ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ च्या वर गेली. हायवे बंद. गल्लीत कुंभारांच्या गणेशमूर्ती पाण्यात. माझ्या दुकानात छातीएवढं पाणी, तेही बरेच दिवस. शटर उघडलं तेव्हा लेथच्या बेडवर बोटभर गाळ, गिऱ्हाइकांच्या चौदा मशीन आडव्या. ते सगळं धुता येतं. गाळ डिझेल आणि ब्रशनं काढला, लेथची मोटर वाइंडिंग करून घेतली. पॅटर्न मात्र गेले. सागवान फुगलं, सांधे सुटले, काही तुकडे वाहून गेले. अकरातला एकही धड राहिला नाही. आणि दोनच दुकानं पलीकडून सांगितलं जात होतं, 'ते बंद झाले, मशीन इकडं द्या.' चौदातल्या सहा मशीन तिकडं गेल्या. गाळा भाड्यानं देण्याचं मी घरात बोलूनही दाखवलं होतं.

त्याच आठवड्यात काकू रिक्षानं आल्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या मशीनमध्ये तू ओतलेला आहे ना? तो काढून ने." चालू मशीन खोलायची! मी नको म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनच टेम्पोत घालून पाठवली.

त्या स्पायडरवरून सरळ साचा उठवला असता तर ४४० मिलिमीटरला पावणेसहा मिलिमीटर आखूड आला असता. मामांची नजर तोवर कमी झाली होती. ते स्टुलावर बसून मापं सांगत, त्यांचा नातू पितळी पट्टीनं आखत होता. दोन महिने लागले. तेवढे दिवस सत्तरी ओलांडलेल्या काकूंनी चादरीसकट सगळं हातानं धुतलं. त्यांच्या मशीनचे पैसे मी पुन्हा कधी घेतले नाहीत.

मशीनवाल्यांना सांगतो, पावडर कमी घाला आणि धुणं झाल्यावर दार उघडं ठेवा. दाराचं रबर आम्हाला ओतता येत नाही. ते खाली फाटलं असेल तर फिरवून फाटका भाग वर घ्या आणि पाणी जायची भोकं नव्यानं खाली पाडा, वर्ष-दोन वर्षं निघतात. आणि या धंद्यातल्या पोरांनो, तुटलेला भाग फेकू नका. ड्रॉइंग कंपनीकडेही मिळत नाही, तो तुकडाच तुमचं ड्रॉइंग.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. पॅटर्न आता छताला टांगलेल्या लोखंडी मांडणीवर असतात, रंग लावून, नंबर टाकून. एक नंबरवर मामांच्या नातवानं पेन्सिलीनं 'काकू' लिहिलंय, ते तसंच ठेवलंय.